परीक्षक क्रमांक दोन

आमच्या धंद्यात एखादी गोष्ट करता येत नाही, हे सिद्ध करणाऱ्याला मान असतो. करून दाखवणारे लोक वेगळे; त्यांना पगार जास्त असतो. एखादं कोडं सोडवायला कॉम्प्युटरला कमीत कमी किती वेळ लागेलच लागेल, मग प्रोग्रॅम कितीही हुशार माणसाने लिहिलेला असो, याचा आम्ही विचार करतो. काही कोडी अशी असतात की कुणी उत्तर हातात आणून दिलं तर ते बरोबर आहे की नाही हे चटकन तपासता येतं, पण शोधायला बसलं तर जन्म जातो. निदान आमची तशी ठाम समजूत आहे. शोधण्याची झटपट रीत नाहीच, हे मात्र गेल्या पन्नासएक वर्षांत कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. ते कोणकोणत्या वाटांनी सिद्ध होणार नाही, हे आम्ही फार सुंदर सिद्ध केलेलं आहे.

हे ऐकून माझी बायको म्हणाली होती, "म्हणजे काम झालेलं नाही, आणि का झालं नाही याचा अहवाल तयार आहे." ती शाळेत उपमुख्याध्यापिका आहे. तिला अशा अहवालांची सवय आहे.

दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी आमचं जेवणाचं टेबल तिच्या ताब्यात जातं. सव्वीस वर्ग, एक्केचाळीस शिक्षक, एकच प्रयोगशाळा आणि फक्त मंगळवारी-गुरुवारी येणाऱ्या संगीताच्या बाई. प्रत्येक तासाची एक रंगीत पुठ्ठ्याची चिठ्ठी. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी तिला कागदावर नीट दाखवून दिलं होतं की असं वेळापत्रक बसवणं हे त्या कुप्रसिद्ध अवघड प्रश्नांपैकी एक आहे. याची झटपट रीत सापडली तर बाकीच्या हजारोंची सापडेल. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. आता जरा पाय उचला, तुमच्या पायाखाली नववी ब आहे." चार दिवसांत वेळापत्रक भिंतीवर होतं.

तर गेल्या सप्टेंबरात एका जर्नलच्या संपादकाचा फोन आला. संपादक माझा कॉलेजपासूनचा मित्र. पोट सुटलंय, बाकी तसाच.

"एक लेख तपासून हवाय," तो म्हणाला. "लेखिका तुझीच जुनी विद्यार्थिनी आहे. पण तिला डॉक्टरेट मिळून दहा वर्षं झाली, त्यामुळे नियमात बसतं. आणि तुझ्याशिवाय देऊ कुणाला? हा लेख वाचू शकतील अशी माणसं जगात नऊ. त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, एक जण निवृत्त होऊन मधमाश्या पाळतोय, आणि एकीने लेखच लिहिलाय. उरलेल्यांत माझा फोन उचलणारे तुम्ही दोघं. तू परीक्षक क्रमांक दोन."

परीक्षकाचं नाव लेखकाला सांगत नाहीत, ही आमची रीत. त्यामुळे माणूस निःपक्षपाती होतो असं म्हणतात. माझा अनुभव असा की माणूस कोडगा होतो.

लेखिकेला आम्ही विभागात शंकाताई म्हणायचो, कारण तिचं प्रत्येक वाक्य "सर, एक शंका आहे" इथून सुरू व्हायचं. अडुसष्ट पानांचा लेख होता. अमुक एका प्रकारच्या यंत्राला अमुक कोडं झटपट सुटणं शक्यच नाही, असं तिने सिद्ध केल्याचा दावा होता. पहिलं पान वाचून माझे कान तापले. हेच प्रमेय मी बावीस वर्षं सिद्ध करू पाहत होतो. माझ्या कपाटात त्याच्या अकरा फाइली आहेत, आणि अकरावीवर मी मोठ्या आशेने "शेवटची" असं लिहिलेलं आहे.

मत्सर वाटला. उगाच आडपडदा कशाला? आपल्या हाताखाली शिकलेलं माणूस पुढे गेलं की गुरूला आनंद होतो, असं निरोप समारंभाच्या भाषणांत म्हणतात. मला आधी पोटात दुखलं. आनंद व्हायचा तो बऱ्याच महिन्यांनी झाला.

लेख मी विभागातल्या प्रिंटरवर छापायला लावला. चौसष्ट पानांनंतर शाई संपली आणि शेवटच्या चार पानांवर नुसत्या फिक्या रेघा उमटल्या. बघितलं तर परिशिष्टच होतं. परिशिष्ट म्हणजे माळ्यावरचं सामान. असतं, पण शिडी लावून कोण बघतं? ती चार पानं मी कचऱ्याच्या टोपलीत टाकली आणि पेन्सिलीला टोक काढलं.

मग मी चूक शोधू लागलो. तपासू लागलो असं म्हणायला हवं, पण ते खोटं होईल. एखादी ओळ मी तीनतीन दिवस हुंगत बसायचो. पान बारावर तिने एका पायरीला "हे उघड आहे" असं म्हटलं होतं. विद्यार्थ्यांनी असं लिहिलेलं मला मुळीच खपत नाही. वीस-बावीस वर्षांत मी समासात लाल शाईने "कुणाला?" असं किती वेळा लिहिलं असेल, त्याला गणती नाही. इथेही लिहिलं आणि फार बरं वाटलं. दुर्दैवाने ती पायरी खरोखरच उघड होती.

पान सत्तेचाळीसवर ती म्हणत होती की इथे आता संदर्भ चौदामधला सुप्रसिद्ध लेमा वापरू. लेमा म्हणजे मोठ्या प्रमेयाकडे नेणारी पायरी. संदर्भ चौदा म्हणजे मी. जगात माझ्या नावाने ओळखली जाणारी तेवढी एकच गोष्ट आहे. एकशे त्र्याहत्तर लेखांनी तिचा हवाला दिलाय, मी मोजलेत. "सुप्रसिद्ध" या शब्दापाशी मी जरा वेळ रेंगाळलो. पुढे कंसात काहीतरी होतं. मी पान उलटलं.

ऑक्टोबर गेला, जानेवारी गेला. फेब्रुवारीत शंकाताईचं पत्र आलं, अर्थात मला, तिच्या जुन्या सरांना. दहा वर्षांत तिच्या पाच नोकऱ्या झाल्या होत्या, सगळ्या हंगामी. दर दोन वर्षांनी नवं गाव, नवं भाड्याचं घर. मुलगी सात वर्षांची आणि शाळा तिसरी. आता जूनमध्ये तिच्या कॉलेजची समिती बसणार होती: कायम तरी करतील, नाहीतर नारळ देतील, आणि या वयात सहावी हंगामी नोकरी कुणी देत नाही. "एक लेख एका जर्नलकडे अडकलाय, सर," तिने लिहिलं होतं. "तो स्वीकारला गेला तर निभावेल. काय करावं?"

मी उत्तर दिलं, "परीक्षक मंडळी आळशी असतात. धीर धर."

हे वाक्य लिहिताना लेख माझ्या कोपराखाली होता.

मे महिना उजाडला. चौसष्ट पानं मी चार वेळा वाचली होती आणि एकही चूक सापडली नव्हती. सरळ माणसाने तेव्हाच तसं कळवलं असतं. मी पाचव्यांदा वाचायला बसलो.

एका रविवारी सकाळी मी टेबलाच्या एका कडेला लेख घेऊन बसलो होतो आणि उरलेल्या टेबलावर बायकोचे सव्वीस वर्ग पसरले होते. तिचं गाडं कुठेतरी अडलं होतं. सातवी अ ला एकाच तासाला दोन शिक्षक येत होते. ती दोन मिनिटं चिठ्ठ्यांकडे बघत राहिली, मग तिने एक हिरवी चिठ्ठी उचलली आणि दुसरीकडे ठेवली. संपलं.

"कसं कळलं गं इतक्या लवकर?" मी विचारलं. "एक्केचाळीस जणांचे तास आहेत."

"हा माझा तास. गोंधळ दिसला की मी आधी माझे तास बघते."

"का? तू काय सगळ्यांत धांदरट आहेस?"

"अहो, दुसऱ्यांचे तास मी डोळ्यांत तेल घालून लावते. माझे मात्र गृहीत धरते. मग घोळ कुठे असणार?" ती पुढची चिठ्ठी उचलत म्हणाली. "तुमच्या त्या बाडात तुमचा तास आहे का कुठे?"

"आहे," मी म्हणालो. "पान सत्तेचाळीस."

"बघितलात?"

"तो बावीस वर्षांपूर्वीच बघितलाय सगळ्या जगाने."

"तुम्ही बघितलात का?"

मी उठलो तो तिला गप्प करायला. कपाटातून माझा जुना लेख काढला आणि पान नऊ उघडलं. समजा काही वस्तू आहेत, आणि त्यांची संख्या सम आहे. मग त्यांच्या जोड्या लावता येतात, आणि त्या जोड्यांवरून पुढचं सगळं कसं घडतं, हे मी दीड पानात लिहिलं होतं. फर्मास लिहिलं होतं; तरुणपणी मला लिहिता येत असे. संख्या विषम असेल तर काय, यासाठी एकच ओळ होती: "विषम संख्येसाठीही हे तसंच."

मी पेन्सिल घेतली. जोड्या लावल्या. एक वस्तू उरली. ती कुठे बसवावी म्हणून एक जोडी मोडली, तर तीन उरल्या. पुन्हा लावल्या. जेवायची वेळ झाली तेव्हा मला कळून चुकलं होतं की ते तसंच नाही. अजिबात तसंच नाही. उरलेल्या त्या एका वस्तूचं बावीस वर्षांपूर्वी मी काय केलं होतं? काही नाही. "तसंच" म्हणून तिला दाराबाहेर ठेवली होती, आणि एकशे त्र्याहत्तर लेख तिला ओलांडून आत गेले होते.

जगभराच्या पोरांना "कुणाला?" विचारत हिंडलो, आणि दिव्याखाली हा अंधार.

मग आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती या चुकीपेक्षा जास्त बोचली. शंकाताई शिकत होती तेव्हा, शेवटच्या वर्षाच्या आधी, एकदा माझा हाच जुना लेख घेऊन माझ्या खोलीत आली होती. पान नऊवर बोट ठेवून म्हणाली होती, "सर, एक शंका आहे. विषम असेल तर?" मी कुठल्याशा मीटिंगला निघालो होतो. मी म्हणालो, "तसंच. घरी जाऊन करून बघ." तिने पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटलं, जमलं असेल.

बायकोला सगळं सांगितलं. तिने चिठ्ठ्या बाजूला केल्या, म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे तिला पटलं होतं.

"मग कळवा तसं," ती म्हणाली.

"कळवलं तर तिचा लेख पडतो. तीन आठवड्यांवर समिती आलीय. माझी निवृत्ती चौदा महिन्यांवर. माझं काय जातंय? जाणार तिचं."

"आणि नाही कळवलं तर?"

"तर ती कायम होते. लेमाही शाबूत राहतो. कुणाला कधी कळणारही नाही."

हे बोलताना माझं मलाच जाणवलं की दया दाखवायची ही संधी मला भलतीच सोयीची पडत होती. सगळ्या बाजूंनी फायद्याचं दिसलं की आमच्या धंद्यातल्या माणसाला संशय येतो.

"आमच्याकडे वेळापत्रक चुकलं तर सोमवारी पहिल्याच तासाला बोंब होते," बायको म्हणाली. "तुमच्याकडे सोमवार येतच नाही. सगळा घोळ तिथेच आहे."

मी अहवाल लिहिला. पान बारावरचं "कुणाला?" आधी लिहिलं, ते लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मग लिहिलं की पान सत्तेचाळीसवर वापरलेला संदर्भ चौदामधला लेमा विषम संख्येसाठी सिद्ध झालेला नाही, त्यामुळे मुख्य प्रमेयही उभं राहत नाही. आणि शेवटी, आपण किती कठोर न्यायी आहोत या धुंदीत, आणखी एक वाक्य घातलं: "मूळ लेखकाचा निष्काळजीपणा अक्षम्य आहे."

पाठवून दिलं. संध्याकाळी फिरायला गेलो तर चाल ताठ होती. स्वतःच्या हाताने स्वतःचा लेमा मारणारे किती असतील? खरं सांगायचं तर आत कुठेतरी एवढंसं समाधानही होतं, की चला, ते प्रमेय आता कुणाचंच नाही. मला त्याची लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून समाधान गेलं नाही. तिच्या मुलीच्या चौथ्या शाळेचा विचार मी त्या दिवशी केला नाही. दुसऱ्या दिवशी केला, आणि मग जेवण गेलं नाही.

समिती शुक्रवारी बसणार होती. त्याच आठवड्यातल्या बुधवारी सकाळी संपादकाचा फोन आला.

"लेखिकेचं उत्तर आलंय. वाचून दाखवतो. 'परीक्षक क्रमांक दोन यांनी या लेखाला नऊ महिने दिले याबद्दल आभार. त्यांचा आक्षेप योग्य आहे. विषम संख्येसाठी पूर्ण सिद्धता परिशिष्ट ग मध्ये दिली आहे आणि पान सत्तेचाळीसवर कंसात तसा उल्लेखही आहे. तो त्यांच्या नजरेतून सुटला असावा. मूळ लेखकाबद्दल वापरलेला शब्द मात्र त्यांनी मागे घ्यावा, अशी विनंती. तो लेख नसता तर हा विषयच उभा राहिला नसता.'" संपादक थांबला. "तू परिशिष्ट वाचलं नाहीस?"

"शाई संपली होती," मी म्हणालो.

"नऊ महिने?"

मी फोन ठेवला आणि लेख कॉम्प्युटरवर उघडला. परिशिष्ट ग. मथळा होता, "पूर्णतेसाठी". चार पानांत कुठेही लिहिलेलं नव्हतं की जुनी सिद्धता चुकली आहे. फक्त म्हटलं होतं की वाचकांच्या सोयीसाठी विषम संख्येची बाजू सविस्तर देत आहोत. उरलेली ती एक वस्तू तिने मोडतोड न करता, हळूच, अशा ठिकाणी नेऊन बसवली होती की मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. ती जागा मला जन्मात सुचली नसती. शेवटी दोन ओळी होत्या: "ही बाब घरी जाऊन करून पाहण्याचा सल्ला माझ्या मार्गदर्शकांनी दिला होता. मी त्यांची ऋणी आहे."

ती चार पानं तपासायला मला अडीच तास लागले. उत्तर शोधणं अवघड, तपासणं सोपं, हे मी आयुष्यभर फळ्यावर लिहीत आलो. खरंच सोपं असतं हे त्या दिवशी कळलं. तपासायची इच्छा तेवढी लागते. दुपारी संपादकाला कळवलं: लेख जसाच्या तसा स्वीकारावा, आजच.

त्याचा लगेच फोन. "आणि तो शब्द?"

"कुठला?"

"अक्षम्य."

"मागे घेतो."

"मनापासून?"

"तू संपादक आहेस. व्याकरण बघ, मन नको बघू."

शुक्रवारी संध्याकाळी शंकाताईचा फोन आला. तिला कायम केलं होतं. मागे मुलगी कसलंतरी गाणं मोठमोठ्याने म्हणत होती. टेबलापलीकडे बायको चिठ्ठ्या पाकिटांत भरत होती, आणि भरता भरता माझ्याकडे बघत होती. ती नजर मला माहीत आहे. तिच्या शाळेतली मुलं त्या नजरेसमोर न विचारता कबुली देतात.

"ऐक," मी शंकाताईला म्हणालो. "सांगू नये असा नियम आहे, पण सांगतो. तो परीक्षक क्रमांक दोन..."

"माहीत आहे, सर."

"काय माहीत आहे?"

"पान बारा. 'कुणाला?' माझ्या सगळ्या वह्यांत आहे ते."

म्हणजे तो 'अक्षम्य' शब्द मागे घ्या असं तिने मलाच सांगितलं होतं. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. बायको पाकिटं भरायची थांबली.

"मग मला सांग," मी म्हणालो, "तेव्हा घरी जाऊन करून बघ म्हणालो, तर तू परत का आली नाहीस? तसंच नाही हे तुला तेव्हाच कळलं असणार."

"आले होते ना, सर. सहा दिवसांनी. दार उघडं होतं. तुमच्याकडे पाहुणे बसले होते आणि तुम्ही त्यांना माझ्याबद्दल सांगत होतात, माझा लेमा मुळापासून कळलेली ही पहिलीच विद्यार्थिनी." ती जरा हसली. "इतके खूश होतात. मला आत यायला जमलं नाही. म्हटलं, अजून जरा करून बघू."

"किती वेळ लागला?"

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "मध्ये मुलगी झाली ना, सर, नाहीतर लवकर झालं असतं."